घरातल्या यंत्रांची वही

फेब्रुवारी २०२४. वाघोलीतल्या आमच्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीन भिंतीपासून ओढून पुढे घेतलेलं, मागचं झाकण उघडं आणि कंपनीकडून आलेला मुलगा हीटरचा रॉड हातात धरून उभा. रॉडवर पांढऱ्या क्षाराचा थर होता, करंगळीएवढा जाड. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं टोकरला तसे ओल आलेल्या भिंतीचे पोपडे पडावेत तसे तुकडे फरशीवर पडले.

"काकू, हे खाऱ्या पाण्यामुळे झालंय. वॉरंटीत नाही बसत. तीन हजार आठशे होतील."

मशीन आम्ही ५ ऑक्टोबर २०२२ ला, दसऱ्याच्या दिवशी घेतलं होतं. संपूर्ण मशीनला दोन वर्षांची वॉरंटी, आणि सोळाच महिने झालेले. मी आतून वही आणली. वॉरंटी कार्ड मशीनच्या पानालाच चिकटवलेलं होतं. काय काय धरलं जाणार नाही याची यादी त्यावर होती: काच, प्लास्टिकचे आणि रबरी भाग, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान, लॉन्ड्रीसारख्या धंद्यासाठी वापर, बाहेरच्या माणसाकडून दुरुस्ती. पाण्याचा उल्लेख कुठेही नव्हता. मी ते कार्ड त्याच्यासमोर धरलं. त्यानं सुपरवायझरला फोन लावला, सुपरवायझरनंही तेच सांगितलं.

"ठीक आहे, मग जॉबशीटवर तसं लिहून द्या. हीटर गेला, कारण खारं पाणी, म्हणून वॉरंटी नाकारली. खाली सही आणि तारीख."

त्यानं लिहून दिलं. तेवीस दिवसांनी नवा हीटर एक पैसा न घेता बसला. कसा, ते पुढे सांगते. त्याआधी वहीबद्दल सांगायला हवं, कारण ती नसती तर मी त्या दिवशी तीन हजार आठशे रुपये देऊन मोकळी झाले असते. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांनी याच कारणासाठी पैसे भरलेले मला माहीत आहेत.

वही कशी करायची

ही सवय अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. त्यांच्या चेतकची एक वही होती. किती किलोमीटरला ऑइल बदललं, प्लग कधी साफ केला, क्लचची वायर कुठल्या दुकानातून आणली, सगळं त्यात तारीखवार. स्कूटर विकली तेव्हा घेणाऱ्यानं वही चाळली आणि किमतीत घासाघीस केली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात फ्रीज, मिक्सर आणि टीव्ही एवढीच यंत्रं होती. आता मोजली तर चौदा भरतात. म्हणून मी दोनशे पानी लाँगबुक केलं आणि प्रत्येक यंत्राला समोरासमोरची दोन पानं दिली.

डाव्या पानावर कायमची माहिती: दुकानाचं नाव, बिलाची तारीख आणि नंबर, किंमत, मॉडेल नंबर, सिरियल नंबर, वॉरंटी कशावर किती वर्षं, आणि कार्डावर छापलेला कंपनीचा फोन नंबर. उजव्या पानावर तारीखवार घडामोडी. कोण आलं, काय म्हणालं, काय बदललं, किती घेतले.

सिरियल नंबर शोधायला वेळ जातो, म्हणून सांगते. फ्रीजचा स्टिकर बहुतेक आतल्या बाजूच्या भिंतीवर, भाजीच्या ड्रॉवरजवळ असतो. फ्रंट लोड मशीनचा दार उघडल्यावर कडेला किंवा मागे. एसीला दोन नंबर असतात, आतल्या युनिटचा वेगळा, बाहेरच्याचा वेगळा, आणि दोन्ही लिहून ठेवायचे. मिक्सरचा बुडाला. गिझरचा स्टिकर मात्र एकदा भिंतीवर चढवला की अनेकदा भिंतीकडेच जातो, तेव्हा बसवायच्या आधी फोटो काढा. बाहेरच्या युनिटचा स्टिकर उन्हापावसात तीन-चार वर्षांत वाचता येईनासा होतो, त्याचाही फोटो पहिल्याच दिवशी.

बिलाचं एक महत्त्वाचं आहे. दुकानातलं गुळगुळीत कागदावरचं बिल उडतं. आमच्या ओव्हनचं बिल दीड वर्षात कोरं झालं. घरी आल्या दिवशी झेरॉक्स काढून ती वहीत चिकटवा आणि मूळ बिल पाकिटात ठेवा. बिलावर सिरियल नंबर लिहून मागा, आणि घरी आलेल्या खोक्यावरचा नंबर त्याच्याशी ताडून बघा. माझ्या बहिणीच्या बाबतीत दुकानदारानं दोन गिऱ्हाइकांच्या खोक्यांची अदलाबदल केली होती, आणि ते अडीच वर्षांनी कळलं.

वॉरंटी साधारणपणे बिलाच्या तारखेपासून मोजतात, यंत्र लावल्यापासून नाही. नव्या फ्लॅटचा ताबा मिळायचा आहे म्हणून दिवाळीच्या सेलमध्ये एसी आणि फ्रीज घेऊन खोकी पाच-पाच महिने बांधून ठेवणारी माणसं आमच्याच सोसायटीत आहेत. ते पाच महिने वॉरंटीतून गेलेच, आणि आतून काही मोडलेलं निघालं तर दोष वाहतुकीचा की नंतरचा यावर वाद. ताबा मिळाल्यावरच घ्या. सेलमध्ये वाचलेले दोन हजार त्या धोक्यापुढे काहीच नाहीत.

दहा वर्षांचा स्टिकर

फ्रीजच्या दारावर '१० वर्षे' असं मोठ्या अक्षरात असतं. तो आकडा कॉम्प्रेसरचा असतो, फ्रीजचा नाही. वॉशिंग मशीनवर तो मोटरचा असतो. संपूर्ण यंत्राला बहुतेक ठिकाणी एकच वर्ष, फार तर दोन.

आमचा फ्रीज सातव्या वर्षी थंड करेनासा झाला. कॉम्प्रेसर गेला होता आणि तो फुकट मिळाला, त्यात कुणी खळखळ केली नाही. पण कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे गॅस नव्यानं भरावा लागतो, फिल्टर बदलावा लागतो, डाग द्यावे लागतात, आणि आमच्या वेळी फ्रीज वर्कशॉपला न्यावा लागला. गॅस, फिल्टर, मजुरी, टेम्पो आणि वर १८ टक्के जीएसटी मिळून ४,६०० रुपये झाले. यात फसवणूक नव्हती. कार्डावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं, मी घेताना वाचलं नव्हतं. आता दुकानातच वाचते.

दुकानात विचारायचे प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. इलेक्ट्रॉनिक बोर्डाला, म्हणजे पीसीबीला किती वर्षं? मुख्य भाग वॉरंटीत असला तरी गॅस आणि मजुरी कुणाची? वॉरंटी संपल्यावर घरी यायचे किती घेतात? सर्व्हिस सेंटर आमच्या भागात आहे की शहराच्या दुसऱ्या टोकाला? यातला पीसीबीचा प्रश्न सगळ्यात कळीचा. इन्व्हर्टर एसी, इन्व्हर्टर फ्रीज आणि फ्रंट लोड मशीन यांच्या दुरुस्तीत सगळ्यात जड जातो तो बोर्डच, आणि एका मॉडेलचा दुसऱ्याला चालत नाही. मी दोन सारख्या किमतीच्या एसींतून एक निवडला तो केवळ बोर्डाला पाच वर्षं होती म्हणून.

पाणी

वाघोलीत महापालिकेचं पाणी पुरेसं येत नाही. बोअर आणि टँकर यांवर दिवस निघतात. हेच चित्र पुण्याच्या कडेच्या बऱ्याच भागात आहे. असं पाणी तापलं की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार दगडासारखे बसतात, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितके जास्त बसतात. रॉडवर थर चढला की उष्णता पाण्यात जात नाही, रॉड आतल्या आत तापतो आणि जळतो. माझ्या मशीनच्या हीटरचं नेमकं तेच झालं होतं.

फिल्टर विकायला येणारा माणूस पेनासारखं टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच गोष्टींचा असतो, पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती आहेत, त्याचा नाही. जडपणा वेगळा तपासावा लागतो, त्याच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात किंवा सोसायटीनं प्रयोगशाळेत एकदा नमुना द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बोअरचा आकडा ५४० आला. म्हणजे पिण्याच्या नियमात बसतं, पण हीटरचे हाल करतं.

मी काय केलं ते सांगते. वॉशिंग मशीनमध्ये दर महिन्याला क्षार काढायची पावडर टाकून कपड्यांशिवाय गरम पाण्याची एक फेरी करते, त्याआधी मॅन्युअल बघून कुठली पावडर चालते ते नक्की केलं. रोजचे कपडे साध्या पाण्यात धुते, गरम फक्त चादरी आणि टॉवेलांना. पाणी आत येतं त्या पाइपच्या तोंडाशी नखाएवढी जाळी असते, ती दर दोन महिन्यांनी काढून जुन्या दातांच्या ब्रशनं घासते. टँकरच्या पाण्यात बारीक वाळू येते आणि त्या जाळीत अडकते. मग मशीन 'पाणी नाही' म्हणून थांबतं आणि टेक्निशियन येऊन दोन मिनिटांत जाळी धुऊन साडेपाचशे रुपये घेतो. पुढच्या बाजूला खाली, छोट्या झाकणामागे पाणी बाहेर जाण्याचा फिल्टर असतो, तोही बघायचा. त्यातून माझ्याकडे आजवर निघालेलं: अकरा रुपयांची नाणी, एक सेफ्टी पिन, नातवाच्या शर्टाची बटणं. धुणं झालं की दार फटभर उघडं ठेवते, नाहीतर रबराच्या घडीत काळी बुरशी धरते आणि रबर वॉरंटीत नसतं.

गिझरचा मॅग्नेशियमचा रॉड

याची माहिती फार थोड्या घरांत असते, म्हणून इथे थोडं थांबते.

साठवणीच्या गिझरची टाकी बहुधा पोलादी असते, आतून इनॅमलचा मुलामा दिलेली. मुलाम्याला कुठे केसाएवढी भेग असली तरी तिथून गंज सुरू होतो. तो टाकीला लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा एक रॉड सोडलेला असतो. पाणी टाकीच्या आधी त्याला खातं. तो संपेपर्यंत टाकी सुरक्षित असते. संपला की टाकीची पाळी. टाकीला पाच-सात वर्षांची वॉरंटी देणारी काही कार्डं रॉड वेळेवर बदलल्याची अटही घालतात.

आमचा गिझर दोन वर्षांचा झाला तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावून मी पहिल्यांदा उघडायला लावला. त्यानं आधी एमसीबी, म्हणजे गिझरच्या विजेचा मुख्य स्विच पाडला, टेस्टरनं खात्री केली, पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली आणि खालचं झाकण काढून प्लेटचे नट सोडले. प्लेट खाली आली तशी वाटीभर पांढरा, ओला चुरा बादलीत पडला. हीटरच्या कॉइलशेजारी तो रॉड होता. नवा असताना अंगठ्याएवढा जाड असतो. आमच्याकडे मधली तार उरली होती आणि तिच्यावर दोन-तीन ठिकाणी भुसभुशीत राखाडी गोळे. त्यानं बोटांत धरून दाबला तसा तो गोळा पिठासारखा विरघळला. अजून सहा महिन्यांत टाकी धरली असती. नवा रॉड, नवं गास्केट आणि मजुरी मिळून ८५० रुपये झाले. गास्केट प्रत्येक वेळी नवंच घाला, जुनं परत बसवलं की आठवड्याभरात थेंब पडायला लागतात.

हे काम स्वतः करू नका, वीज आणि पाणी एकत्र आहे. पण समोर उभं राहून बघा आणि रॉडचा फोटो वहीत ठेवा. बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी, नाहीतर दोन वर्षांनी. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल किंवा गिझर चालू असताना आतून खडखड, गुरगुर असा आवाज येत असेल तर वाट पाहू नका. तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा. ७५ वर ठेवून त्यात गार पाणी मिसळायचं म्हणजे विजेचा खर्चही जास्त आणि क्षारही जास्त.

आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना दोन थेंब पडतात म्हणून कुणी त्याचं तोंड एमसीलनं बुजवलं असेल तर आजच्या आज मोकळं करून घ्या. टाकीत दाब वाढला तर बाहेर पडायला तेवढीच जागा असते.

वीज

घरात अर्थिंग आहे की नाही हे तीन पिनांचा सॉकेट बघून कळत नाही. तिसरं भोक असतं, मागे वायर जोडलेली असतेच असं नाही. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. एक-दोन व्होल्ट असतील तर ठीक. त्यापेक्षा बराच जास्त येत असेल तर वायरमनला बोलवा. हा आकडा मी तारखेसकट वहीत लिहिला आहे, कारण बोर्ड जळाला की कंपनीचा माणूस पहिल्यांदा 'अर्थिंग नाही' म्हणतो.

माझं माहेर रत्नागिरीजवळचं. तिथे ऑक्टोबरात परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. एका दुपारी शेजारच्या माडावर वीज पडली आणि आईकडचा टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि फ्रीजचा बोर्ड एका दमात गेले. तिघांचीही बटणं बंद होती. बटण बंद करून भागत नाही, पिन ओढून काढायची आणि टीव्हीची केबलही. तेव्हापासून भाऊ गडगडाट ऐकला की पहिली ती फेरी मारतो. खाऱ्या वाऱ्याचं नुकसान वेगळंच. समुद्राकाठी एसीचं बाहेरचं युनिट घेताना कॉइलवर गंजरोधक लेप आहे का ते विचारून घ्या, आणि पावसाळा संपला की साध्या पाण्याच्या हलक्या धारेनं ते धुऊन घ्या. शहरात सांडपाण्याच्या नाल्याकाठी राहणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण नाल्यातून येणारा गंधकाचा वायू तांब्याच्या कॉइलला बारीक छिद्रं पाडतो.

'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं लिहिलेलं असलं तर त्याखाली किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत हे छापलेलं असतं. आपल्याकडे संध्याकाळी किती उतरतो ते एकदा मोजून मग ठरवा.

"गॅस संपलाय"

एसी दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसे या एका वाक्यावर जातात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा जाणार. मी दोन उन्हाळे असे भरून घेतले, प्रत्येकी अडीच हजारांना. तिसऱ्या वर्षी एका जाणत्या माणसानं नायट्रोजन भरून दाब दिला आणि साबणाचं पाणी जोडांवर लावलं. आतल्या युनिटच्या नळीच्या नटापाशी मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले. जोड नीट केला, पंप लावून अर्धा तास नळ्या निर्वात केल्या आणि मग गॅस भरला. बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन छापलेलं असतं, हल्ली बहुतेक आर-३२. त्यानं सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच भरला. त्याला आता चार वर्षं झाली.

तुमच्याकडे कुणी आलं तर एवढंच विचारा: गळती कुठे आहे ते दाखवा. दाखवता येत नसेल तर गॅस भरू देऊ नका. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे नळीत तो असताना कुणी ज्योत पेटवत असेल तर थांबवा.

फ्रीजचं थोडक्यात. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर रबर ढिलं झालंय, कोमट पाण्यानं पुसून बघा, नाहीतर बदला. नव्या फ्रीजची उष्णता बहुतेक बाजूच्या भिंतींतून बाहेर पडते, म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. बाजू गरम लागतात म्हणून घाबरून तक्रार करायची गरज नाही.

मिक्सरसाठी कंपनीला फोन करण्याआधी बुडाशी असलेलं लाल बटण दाबून बघा. जास्त भार झाला की ते आपोआप बाहेर येतं आणि मिक्सर मेल्यासारखा वाटतो. चालताना ठिणग्या दिसत असतील आणि जळका वास येत असेल तर बहुधा मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेत. माझा मिक्सर १९ वर्षांचा आहे. तीनदा कार्बन, दोनदा खालचा कपलर आणि भांड्याची बुश कितीदा तरी बदलली. हे सगळं आम्हाला पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईकरांना लोहार चाळीत मिळेल. जुना भाग सोबत न्या, नुसतं मॉडेल सांगून चुकीचा मिळतो. मोटर जळालेली नसेल तर जुना मिक्सर टाकून देऊ नका, असं मी कळकळीनं सांगते.

दुरुस्तीचा माणूस बोलावताना

कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात, आणि 'दहा रुपये भरून तक्रार नोंदवा' म्हणत लिंक पाठवून खाती रिकामी करतात. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांचे ४१,००० रुपये असेच गेले. यंत्रावरच्या स्टिकरवरचा, मॅन्युअलमधला किंवा कार्डावरचा नंबरच वापरा, म्हणूनच तो वहीत असतो. चुकून फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, तासाभराचा उशीरही महाग पडतो.

तक्रार नोंदवली की नंबर मिळतो, तो वहीत. माणूस आला की घरातलं मोठं कुणीतरी समोर थांबा. काम झाल्यावर जॉबशीट वाचून सही करा, कोरी सही कधीच नाही. पार्ट पैसे देऊन बदलला असेल तर जुना पार्ट मागून घ्या आणि नव्याला किती दिवसांची वॉरंटी आहे ते बिलावर लिहून घ्या. वॉरंटी नाकारत असतील तर कारण लेखी मागा. तोंडी नकाराला पुढे कुठेच किंमत नसते.

आता हीटरचं. मी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केली, त्यांचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर होता. ईमेलला बिल, वॉरंटी कार्ड आणि जॉबशीट जोडली, आणि मजकूर एवढाच: तुमच्या कार्डावर जड पाण्याचा अपवाद नाही, तुमच्या माणसानं त्याच कारणानं नाकारलं आहे, सात दिवसांत हीटर बदलून द्या. चिडून एक शब्द लिहिला नाही. सात दिवसांत फक्त 'आपली तक्रार पाहत आहोत' असं उत्तर आलं. आठव्या दिवशी मी १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता येतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक दिला. ८८००००१९१५ या नंबरावर व्हॉट्सॲपनंही तक्रार करता येते. एक लक्षात घ्या, ही हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीच्या वरच्या लोकांपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. पण तिथे कागद बघणारा माणूस वेगळा असतो, आणि बऱ्याचदा तेवढं पुरतं. पंधराव्या दिवशी मला फोन आला, तेविसाव्या दिवशी तोच मुलगा नवा हीटर घेऊन आला. मी त्याला चहा दिला. त्याची काही चूक नव्हती, त्याला वरून जे सांगितलं होतं ते तो बोलत होता.

तेवढ्यानं झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची माझी तयारी होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. आता 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कागद जोडायला लागतात ते तेच: बिल, कार्ड, जॉबशीट, ईमेल. एकटीला जमणार नाही वाटलं तर जवळच्या ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत हे काम करते आहे, आणि पुण्यातही अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची जुनी परंपरा आहे.

वाढीव वॉरंटीबद्दल माझं मत

दुकानात बिल करताना हळूच जोडतात ती वाढीव वॉरंटी अनेकदा कंपनीची नसतेच, दुकानानं तिसऱ्याच कुणाशी करार केलेला असतो. कोण देतंय, आणि दरवर्षी घसारा कापून पैसे देणार की पूर्ण दुरुस्ती करणार, हे दोनच प्रश्न विचारा. मी फक्त कंपनीची घेते, तीही इन्व्हर्टर एसी आणि फ्रंट लोड मशीनपुरती, बोर्डासाठी. मिक्सर, गिझर, टोस्टर यांना कधीच नाही. वार्षिक करारात 'पार्टसह' आणि 'पार्टशिवाय' असे दोन प्रकार असतात. पार्टशिवायचा म्हणजे वर्षातून दोन-तीनदा येऊन धुऊन-पुसून जाणं, ते काम बाहेर स्वस्तात होतं.

कधी सोडून द्यायचं

दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त आणि यंत्र दहा वर्षांच्या पुढचं असेल तर मी नवं घेते. हा माझ्या घरचा हिशेब आहे, नियम नव्हे. पण त्याआधी पार्ट मिळतो का ते दोन ठिकाणी विचारते. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, तिथे काही कंपन्यांची मॅन्युअलं आणि दुरुस्तीची माहिती एकत्र सापडते. 'हे मॉडेल बंद झालंय' या उत्तरावर एकदम विश्वास ठेवू नका. मला ते उत्तर मिळालेला मशीनचा पंप चार दिवसांनी तपकीर गल्लीतच मिळाला.

जुना फ्रीज किंवा एसी गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. तो नळी तोडतो, गॅस हवेत जातो आणि तांबं तेवढं काढून बाकी कुठेतरी पडतं. नवं घेताना एक्स्चेंजमध्ये द्या, किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राला फोन करा, ते घरून नेतात आणि पावती देतात. आमचा आधीचा फ्रीज २०१७ मध्ये गेला. त्याची दोन पानं मी फाडली नाहीत. उजव्या पानाच्या तळाला शेवटची नोंद आहे: एक्स्चेंजमध्ये दिला, १,५०० रुपये, आतल्या दोन जाळ्या आणि बर्फाचे ट्रे काढून ठेवले. त्या जाळ्यांवर आज बाल्कनीतली रोपं ठेवली आहेत.